मोजलेल्या नोंदींवरून अवकलज काढण्याच्या संख्यात्मक पद्धती : जलाशयातील आवकेच्या संदर्भात

१. प्रास्ताविक

गणिताच्या पाठ्यग्रंथांत अवकलनाचा विचार होतो तो फलन सूत्ररूपाने दिलेले आहे असे गृहीत धरून. प्रयोगशाळेत किंवा प्रत्यक्ष क्षेत्रावर काम करणाऱ्या अभ्यासकास असे सूत्र क्वचितच लाभते. त्याच्या हाती असते ती ठरावीक कालांतराने घेतलेल्या वाचनांची यादी, आणि त्या प्रत्येक वाचनात अल्पशी का होईना, पण त्रुटी असते. अशा यादीवरून राशी किती आहे हे सांगणे सोपे असते. ती किती वेगाने बदलत आहे हे सांगणे मात्र अवघड ठरते. हे का घडते, त्यावर कोणते उपाय आहेत आणि त्या उपायांच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचनासाठी उदाहरण घेतले आहे ते अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, एका नित्याच्या प्रश्नाचे. अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर भंडारदरा येथे बांधलेले धरण १९२६ साली पूर्ण झाले. तत्कालीन मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून ते विल्सन धरण या नावानेही ओळखले जाते. त्याची उंची सुमारे ८२ मीटर असून साठवणक्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट आहे. रतनवाडी व घाटघर या सह्याद्रीच्या माथ्याकडील भागात पडणारा मुसळधार पाऊस या जलाशयात थोड्याच अवधीत उतरतो. पावसाळ्यात जलाशय भरत आला म्हणजे दर तासाला विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : आवक किती आहे? सांडव्याची दारे किती उघडावयाची आणि खालच्या निळवंडे धरणावर, तसेच अकोले, संगमनेर व त्यांच्या पुढील नदीकाठच्या गावांना काय कळवावयाचे, हे या एका आकड्यावर अवलंबून असते.

आवक मात्र थेट मोजता येत नाही. डोंगरउतारावरून शेकडो ओहोळ जलाशयास मिळतात. त्या सर्वांवर मापनयंत्रे बसविणे शक्य नसते. म्हणून आवक काढली जाते ती हिशोबाने. जलाशयात आलेले पाणी हे बाहेर सोडलेले पाणी आणि साठ्यात झालेली वाढ यांच्या बेरजेइतके असले पाहिजे. बाष्पीभवनाचा अल्प भाग पावसाळ्यात सोडून दिला तर

आवक = विसर्ग + (पृष्ठफळ × पातळीवाढीचा वेग)

हे समीकरण मिळते. यातील पृष्ठफळ जलाशयाच्या तक्त्यावरून कळते व विसर्ग दारांच्या उघडीवरून काढता येतो. उरतो तो पातळीवाढीचा वेग, म्हणजेच पातळीचा कालसापेक्ष अवकलज. आणि तो काढण्यासाठी उपलब्ध असतात त्या केवळ पातळीच्या नोंदी.

२. त्रुटी कशी वाढते

प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात यावे म्हणून काही आकडे घेऊ. हे आकडे केवळ उदाहरणादाखल असून ते कोणत्याही विशिष्ट जलाशयाचे नाहीत. एका जलाशयाचे पृष्ठफळ ८ चौरस किलोमीटर आहे व पातळीच्या प्रत्येक वाचनात १ सेंटिमीटरपर्यंत त्रुटी संभवते असे मानू. वाऱ्याने उठणाऱ्या लाटांमुळे एवढी त्रुटी अगदी सहज होते. या १ सेंटिमीटरचा अर्थ साठ्याच्या भाषेत ८०,००० घनमीटर असा होतो. एकूण साठ्याच्या मानाने ही रक्कम नगण्य होय. परंतु तासातासाच्या वाचनांची वजाबाकी करून आवक काढली तर हेच ८०,००० घनमीटर ३,६०० सेकंदांनी भागले जातात व उत्तरात सेकंदाला सुमारे २२ घनमीटर, म्हणजे ७८५ क्युसेक, इतकी चूक येते. दोन्ही वाचने विरुद्ध दिशांनी चुकली तर ती दुप्पट होते. साठा सांगताना जी त्रुटी कोणाच्या लक्षातही येत नाही, तीच आवक सांगताना गावांना इशारा द्यावयाचा की नाही हे फिरवू शकते.

नोंदी आणखी दाट केल्या तर हे संकट टळेल अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ते वाढते. तासाऐवजी पंधरा मिनिटांनी वाचने घेऊन लगतच्या वाचनांची वजाबाकी केली तर तीच त्रुटी ९०० सेकंदांनी भागली जाईल व आवकेतील चूक चौपट होईल.

याचे तात्त्विक कारण असे. मूळ फलनावर अत्यल्प उंचीची एक तरंगमालिका चढविली तर फलन जवळजवळ होते तेच राहते. परंतु तिच्या अवकलजाची उंची ही मूळ उंची गुणिले वारंवारता एवढी असते. वारंवारता हवी तितकी मोठी घेता येत असल्यामुळे फलनातील कितीही लहान फरक अवकलजात कितीही मोठा फरक घडवू शकतो. वरील जलाशयात मापनपट्टीजवळ १ सेंटिमीटर उंचीचे व चोवीस तासांच्या आवर्तनाचे आंदोलन चालू असेल तर त्यामुळे आवकेत जास्तीत जास्त ६ घनमीटर प्रति सेकंद एवढाच फरक दिसेल. पण त्याच उंचीच्या आंदोलनाचे आवर्तन दहा मिनिटांचे असेल, तर तात्कालिक अवकलज तासाला सुमारे ३८ सेंटिमीटरपर्यंत जाईल व सेकंदाला ८३८ घनमीटर इतकी आवक भासेल. जलाशयात एक थेंबही न येता हे घडू शकते.

फ्रेंच गणिती आदामार यांनी १९०२ साली मांडलेल्या कसोटीनुसार, एखादा प्रश्न सुस्थापित म्हणावयाचा तर त्याचे उत्तर अस्तित्वात असले पाहिजे, ते एकमेव असले पाहिजे आणि दिलेल्या माहितीत अल्प बदल केला असता उत्तरातही अल्पच बदल झाला पाहिजे. मोजलेल्या नोंदींचे अवकलन तिसऱ्या अटीस उतरत नाही. समाकलनाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तेथे अधिक-उणे त्रुटी परस्परांना छेदतात व बेरीज मूळ नोंदींपेक्षा अधिक विश्वसनीय ठरते.

३. तात्कालिक गतीची जुनी अडचण

कोष्टकावरून वेग काढण्याचा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहाची स्थूल गती व तात्कालिक गती असा स्पष्ट भेद केला आहे. ग्रहाच्या आजच्या व उद्याच्या स्थानांतील अंतर ही त्याची स्थूल दैनिक गती. चंद्राची गती दिवसभरातही बरीच पालटत असल्याने ही स्थूल गती तिथीचा अंत काढण्यास पुरत नाही; तेथे त्या क्षणाची गती हवी. ती काढताना भास्कराचार्यांनी ज्येच्या सूक्ष्म वाढीचा संबंध कोटिज्येशी जोडला. आजच्या परिभाषेत ज्येचा अवकलज कोटिज्या असतो, असाच त्याचा आशय आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यातील मर्म असे की, भास्कराचार्यांना तात्कालिक गती मिळाली ती ग्रहाच्या गतीमागील ज्यारूप संबंध ज्ञात होता म्हणून. केवळ निरीक्षणांची वजाबाकी अधिकाधिक लहान अंतराने करीत जाऊन ती मिळाली नसती. मोजलेल्या नोंदींच्या बाबतीत हा भेद सतत ध्यानात ठेवावा लागतो. व्याख्येतील अंतर शून्याकडे जाते. निरीक्षणातील अंतर शून्याकडे नेणे मात्र घातक ठरते.

४. अंतर किती असावे

पातळी हे काळाचे फलन प असून नोंदींमधील निवडलेले अंतर अं आहे असे समजू. का या क्षणाचा अवकलज काढण्याचे सर्वांत परिचित सूत्र मध्यवर्ती अंतराचे :

अवकलज ≈ [प(का + अं) − प(का − अं)] ÷ २अं

टेलरच्या श्रेणीवरून दिसते की या सूत्रात दोन प्रकारच्या त्रुटी येतात. पहिली छेदन-त्रुटी. श्रेणीतील पुढची पदे सोडून दिल्यामुळे ती उद्भवते व तिचे मान अं² × म ÷ ६ याहून अधिक नसते. येथे म हे फलनाच्या तिसऱ्या अवकलजाचे महत्तम मान होय. दुसरी निरीक्षण-त्रुटी. प्रत्येक वाचनातील त्रुटीची मर्यादा त्र असेल तर हिचे मान त्र ÷ अं पर्यंत जाऊ शकते. अंतर वाढविले की पहिली त्रुटी वाढते. ते कमी केले की दुसरी वाढते. दोहोंची बेरीज न्यूनतम व्हावयाची तर

अं³ = ३त्र ÷ म

असे असले पाहिजे, हे साध्या अवकलनाने सिद्ध होते. त्या वेळी एकूण त्रुटी अं² × म ÷ २ एवढी उरते.

उदाहरणातील जलाशयाची पातळीवाढ चोवीस तासांच्या आवर्तनाने कमीजास्त होत असून तिच्या चढउताराची उंची तासाला १० सेंटिमीटर आहे असे मानू. मग म चे मान ०.६८५ सेंटिमीटर प्रति घनतास एवढे येते. त्र = १ सेंटिमीटर घेऊन वेगवेगळ्या अंतरांसाठी त्रुटींच्या मर्यादा पुढीलप्रमाणे मिळतात. सर्व आकडे सेंटिमीटर प्रति तास या मानात आहेत.

अंतर ०.२५ तास : छेदन ०.०१, निरीक्षण ४.००, एकूण ४.०१
अंतर ०.५ तास : छेदन ०.०३, निरीक्षण २.००, एकूण २.०३
अंतर १ तास : छेदन ०.११, निरीक्षण १.००, एकूण १.११
अंतर १.६४ तास : छेदन ०.३१, निरीक्षण ०.६१, एकूण ०.९२
अंतर ३ तास : छेदन १.०३, निरीक्षण ०.३३, एकूण १.३६
अंतर ६ तास : छेदन ४.११, निरीक्षण ०.१७, एकूण ४.२८

सर्वांत सोयीचे अंतर सुमारे १ तास ३८ मिनिटे येते. म्हणजे मागील व पुढील वाचनांत मिळून सव्वातीन तासांचे अंतर असावे. त्या वेळची त्रुटी आवकेच्या भाषेत सेकंदाला सुमारे २० घनमीटर होते. पाव तासाच्या अंतराने तीच ८९ घनमीटर झाली असती.

या निष्पत्तीतून आणखी एक गोष्ट निघते. न्यूनतम त्रुटी ही त्र च्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे अवकलजातील त्रुटी निम्मी करावयाची असेल तर मापनातील त्रुटी निम्मी करून भागत नाही. ती सुमारे २.८ पट कमी करावी लागते. या सूत्राच्या चौकटीत तरी, उपकरणाच्या अचूकतेचा पुरा लाभ अवकलजाच्या पदरात पडत नाही.

वाचनांच्या पूर्णांकनाचा परिणामही येथेच नोंदविला पाहिजे. पातळी पूर्ण सेंटिमीटरांत लिहिली जात असेल आणि ती तासाला दोन मिलिमीटर या वेगाने चढत असेल, तर चार तास नोंद तशीच राहील व पाचव्या तासाला ती एकदम एक सेंटिमीटरने वाढेल. तासाच्या वजाबाकीने आवक चार वेळा शून्य व पाचव्या वेळी २२ घनमीटर अशी दिसेल. प्रत्यक्षात ती सर्वकाळ साडेचार घनमीटरच्या आसपास असते.

५. लघुतम वर्गाची पद्धती

मध्यवर्ती अंतराचे सूत्र केवळ दोनच वाचनांचा उपयोग करते. मधली सर्व वाचने वाया जातात. त्यांचाही उपयोग करून घ्यावयाचा तर विचारलेल्या क्षणाच्या दोन्ही बाजूंस सारखी वाचने घेऊन त्यांतून लघुतम वर्गाच्या तत्त्वाने सरळ रेषा किंवा वर्गबहुपदी बसवावी आणि तिचा उतार हाच अवकलज मानावा. समान अंतरावरील पाच वाचने क, ख, ग, घ, ङ अशी असल्यास ग च्या क्षणाचा उतार

(−२क − ख + घ + २ङ) ÷ १०अं

असा येतो. लान्त्सोश यांच्या १९५६ सालच्या उपयोजित विश्लेषणावरील ग्रंथात या सूत्राचे विवेचन असून ते पुष्कळदा त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पुढे १९६४ साली साविट्स्की व गोले यांनी रासायनिक विश्लेषणासाठी अशा गुणांकांचे विस्तृत तक्ते प्रसिद्ध केले आणि ही पद्धती सर्व प्रयोगशास्त्रांत रूढ झाली. त्या तक्त्यांत राहिलेल्या काही चुका १९७२ साली अन्य संशोधकांनी दुरुस्त केल्या. तयार तक्ते वापरताना गुणांक स्वतः एकदा पडताळून पाहण्याचे अगत्य यावरून कळावे.

कल्पित नोंदींचे उदाहरण घेऊ. तासातासाच्या अंतराने एका ठरावीक पातळीपासूनची वाढ ०, १२, २१, ३४, ४५ सेंटिमीटर अशी वाचली गेली. लगतची अंतरे १२, ९, १३ व ११ अशी येतात. त्यांवरून साठ्यात जमा होणारे पाणी सेंकदाला अनुक्रमे २६७, २००, २८९ व २४४ घनमीटर भरते. हे आकडे पाहणाऱ्यास पूर ओसरला, मग एकाएकी चढला व पुन्हा उतरला असे वाटेल. वरील सूत्राने मात्र (−१२ + ३४ + ९०) ÷ १० = ११.२ सेंटिमीटर प्रति तास, म्हणजे सेकंदाला २४९ घनमीटर, एवढे एकच उत्तर मिळते. मूळ नोंदी तासाला ११ सेंटिमीटर या स्थिर वेगाने चढणाऱ्या पातळीत एकेक सेंटिमीटरची त्रुटी मिसळून तयार केलेल्या आहेत. खरे उत्तर २४४ होते.

वाचनांतील त्रुटी परस्परांपासून स्वतंत्र असून त्यांचे प्रमाण विचलन एक सेंटिमीटर असेल, तर पंधरा मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या तेरा वाचनांतून काढलेल्या उताराचे प्रमाण विचलन तासाला ०.३० सेंटिमीटर येते. आवकेत ते सेकंदाला ६.६ घनमीटर होय. त्याच तीन तासांच्या अवधीतील केवळ पहिले व शेवटचे वाचन घेतले असते तर ते १०.५ घनमीटर आले असते. शिवाय या रेषेची छेदन-त्रुटीही तेवढ्याच अवधीच्या मध्यवर्ती अंतरापेक्षा कमी असते. तात्पर्य, नोंदी दाट घेण्याचा लाभ होतो तो वजाबाकीचे अंतर घटवून नव्हे, तर तेवढ्याच अवधीत अधिक वाचने सामावून.

मात्र त्रुटी स्वतंत्र असतात हे गृहीतक येथे विसरता कामा नये. सलग काही तास एकाच दिशेने वारा वाहिला तर जलाशयाच्या एका टोकास पाणी चढलेले राहते. अशा वेळी तेराही वाचने एकाच बाजूस चुकतात व त्यांच्या संख्येचा लाभ मिळत नाही. त्रुटी स्थिर असेल तर अवकलजावर तिचा परिणाम होत नाही. मापनपट्टीचा शून्यांक चुकलेला असला तरी आवक बरोबर येते, ती याच कारणाने. वारा फिरला म्हणजे मात्र चूक होते, आणि ती एकाच पट्टीवरच्या अधिक वाचनांनी सुधारत नाही. जलाशयाच्या दोन टोकांस पट्ट्या असणे हाच त्यावरील खरा उपाय.

६. नोंदींच्या टोकाशी

आतापर्यंतचा सर्व विचार, विचारलेल्या क्षणाच्या दोन्ही बाजूंस नोंदी उपलब्ध आहेत असे धरून केला. पूर ओसरल्यावर त्याचा अभ्यास करणाऱ्यास ही सोय असते. धरणावर रात्रपाळीस बसलेल्या अभियंत्यास ती नसते. त्याला हवी असते या क्षणीची आवक, आणि पुढील नोंदी अजून घडावयाच्या असतात.

टोकाशी वापरावयाचे तीन वाचनांचे एकतर्फी सूत्र पाठ्यग्रंथांत आढळते : शेवटच्या वाचनाची तिप्पट, वजा त्याआधीच्या वाचनाची चौपट, अधिक त्याच्याही आधीचे वाचन, या सर्वांस २अं ने भागावे. त्याची छेदन-त्रुटी मध्यवर्ती सूत्रासारखीच अं च्या वर्गाच्या कोटीची असते. म्हणून ते मध्यवर्ती सूत्राइतकेच चांगले आहे असा विद्यार्थ्यांचा समज होतो. परंतु निरीक्षण-त्रुटीच्या दृष्टीने पाहिले तर मध्यवर्ती सूत्राचे प्रमाण विचलन वाचनाच्या विचलनास अं ने भागून येणाऱ्या मानाच्या ०.७१ पट, तर या सूत्राचे २.५५ पट असते. कोटी तीच, निरीक्षण-त्रुटी मात्र साडेतीन पटींहून अधिक.

लघुतम वर्गाच्या पद्धतीतही हीच अडचण येते. मागील तीन तासांतील तेरा वाचनांतून रेषा बसविली तर तिचा उतार अवधीच्या मध्याशी, म्हणजे दीड तासापूर्वीच्या क्षणाशी, जुळतो. आवक त्या काळात तासाला ४० घनमीटर प्रति सेकंद या गतीने वाढत असेल तर या क्षणाची आवक म्हणून सांगितलेला आकडा ६० घनमीटरने कमी निघेल. पूर चढत असताना तो नेहमीच कमी सांगितला जाईल, आणि हा काळच सर्वांत मोलाचा असतो. याऐवजी त्याच वाचनांतून वर्गबहुपदी बसवून तिचा उतार शेवटच्या क्षणी घेतला तर हा विलंब टळतो. पण प्रमाण विचलन ६.६ वरून २४.७ घनमीटरवर जाते.

दीड तासापूर्वीची आवक अधिक निश्चितपणे सांगावयाची, की आताची आवक अधिक अनिश्चिततेने? कोणतीही पद्धती या पेचातून पूर्ण सुटका करू शकत नाही, कारण जी माहिती नोंदींत नाही ती सूत्रातून निर्माण होत नाही. पाणलोट क्षेत्रातील पर्जन्याच्या नोंदींसारखी स्वतंत्र माहिती जोडली तरच सुधारणा संभवते. दोन्ही आकडे शेजारी मांडून, त्यांतील कोणता कशाचा आहे हे स्पष्ट लिहिणे मात्र नेहमीच शक्य असते. निर्णय घेणाऱ्याची फसगत टळण्यास एवढेही पुष्कळ होते.

७. मृदूकरण

दुसरा मार्ग असा की सर्व नोंदींतून एकच मृदू वक्र काढावा व मग त्याचे अवकलन करावे. व्हिटेकर यांनी १९२३ साली विम्याच्या मृत्युसारण्यांसाठी जी पद्धती सुचविली तिचे तत्त्व येथे उपयोगी पडते. वक्र नोंदींच्या जवळ असावा ही एक अपेक्षा आणि तो फार वळणांचा नसावा ही दुसरी. नोंदी व वक्र यांतील फरकांच्या वर्गांची बेरीज, अधिक एका प्राचलाने गुणलेले वक्रतेचे मान, ही एकूण रक्कम न्यूनतम करणारा वक्र निवडावयाचा. वक्रता दुसऱ्या अवकलजाच्या वर्गाच्या समाकलनाने मोजली तर उत्तर घन बहुपदींच्या तुकड्यांनी जोडलेल्या वक्राच्या रूपाने मिळते. त्याची गणनपद्धती राइन्श यांनी १९६७ साली दिली. सुस्थापित नसलेल्या सर्वच प्रश्नांसाठी याच धर्तीचा व्यापक सिद्धांत तिखोनोव यांनी १९६३ साली मांडला.

यातील कळीचा प्रश्न प्राचलाच्या निवडीचा. तो फार लहान घेतला तर वक्र त्रुटींसह सर्व नोंदींतून जातो. फार मोठा घेतला तर पुराचा माथाच कापला जातो. वाचनातील त्रुटीचे मान स्वतंत्रपणे ज्ञात असेल, तर वक्र व नोंदी यांतील फरक सरासरीने तेवढाच राहील असा प्राचल घेणे हा सरळ मार्ग होय. ते ज्ञात नसेल तर एकेक नोंद वगळून, उरलेल्यांवरून तिचे भाकीत किती बरोबर येते हे पाहणारी पडताळणी वापरतात. क्रेव्हन व वाबा यांनी १९७९ साली तिला सोयीचे रूप दिले. डोळ्यांना बरा दिसतो म्हणून प्राचल निवडण्याची प्रथा शास्त्रीय लेखनात त्याज्य मानली पाहिजे.

मृदूकरणाच्या ओघात एक चूक वारंवार होताना दिसते. आवक ऋण असू शकत नाही. तरीही उघडिपीच्या दिवसांत वजाबाकीने ती अधूनमधून ऋण निघते. असे आकडे पुसून त्यांच्या जागी शून्य लिहिण्याचा मोह होतो. परंतु ऋण चुकांना जोडीच्या धन चुका तशाच राहतात. परिणामी महिन्याच्या एकूण आवकेची बेरीज प्रत्यक्षाहून अधिक भरते. आवक ऋण नसावी ही अट घालावयाची असेल तर ती वक्र बसवितानाच घालावी. उत्तरे हाती आल्यावर त्यांना कात्री लावू नये. काढलेल्या आवकेची संपूर्ण अवधीतील बेरीज ही सोडलेले पाणी व साठ्यातील वाढ यांच्या बेरजेशी जुळते की नाही, ही पडताळणी कोणत्याही पद्धतीनंतर अवश्य करावी.

८. अवकलन टाळता येते तेव्हा

काही वेळा अवकलनाची आवश्यकताच नसते. अहिल्यानगर जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकाचा असून शेतीचा मोठा भार रुंद खोदविहिरींवर आहे. अशा विहिरीस पाणी किती वेगाने लागते हे पाहण्यासाठी उपसा करून पातळी खाली नेतात व उपसा थांबविल्यावर ती कशी चढते याच्या नोंदी घेतात. क्षणोक्षणीच्या वाढीचा वेग काढून त्यास विहिरीच्या क्षेत्रफळाने गुणणे हा एक मार्ग. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पातळी मूळ पातळीहून २ मीटर खाली असताना दहा मिनिटांत ती सुमारे ५.८ सेंटिमीटर चढली असे मानू. प्रत्येक वाचनात १ सेंटिमीटरचे प्रमाण विचलन असेल तर या फरकातील विचलन १.४ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ २४ टक्के, होते.

आता पाण्याचा प्रवेशवेग हा उरलेल्या खोलीच्या समप्रमाणात असतो असे मानले, तर अवकल समीकरण सोडवून खोलीच्या लॉगॅरिथमचा काळाशी सरळ संबंध मिळतो. स्लिक्टर यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धती हीच. उपसा थांबला तेव्हा पातळी ३ मीटर खाली होती व चार तासांनंतर ती १.५ मीटर खाली राहिली असेल, तर समप्रमाणाचा स्थिरांक तासाला ०.१७३ येतो, आणि २ मीटर खोलीशी विहिरीत येणारे पाणी तासाला ९.८ घनमीटर ठरते. त्याच १ सेंटिमीटरच्या विचलनाने या उत्तरात केवळ १ टक्का फरक पडतो. चोवीस टक्क्यांचा एक टक्का झाला तो उपकरण सुधारल्यामुळे नव्हे, तर नोंदींचे अवकलन करण्याऐवजी नियमाचे समाकलन केल्यामुळे.

अर्थात हा लाभ नियम खरा असेल तरच. बेसाल्टमधील पाणी पुष्कळदा ठरावीक थरांतून व भेगांतून येते. पातळी अशा थराच्या वर गेली की समप्रमाणाचे गृहीतक ढळते. म्हणून केवळ दोन वाचनांवर न थांबता मधली वाचनेही घ्यावीत आणि खोलीच्या लॉगॅरिथमचा आलेख सरळ येतो काय हे पाहावे. आलेखास बाक आला तर सूत्राचे उत्तर स्वीकारू नये; तो बाकच खडकाविषयी काही सांगत असतो.

९. समारोप

वरील विवेचनावरून मोजलेल्या नोंदींशी काम करणाऱ्या अभ्यासकांनी पुढील गोष्टी पाळणे इष्ट ठरेल. अवकलज काढण्यापूर्वी वाचनातील त्रुटीचे मान स्वतंत्रपणे काढावे. स्थिर पातळीची वीस-पंचवीस वाचने घेतली तरी ते कळते. अवधीची लांबी सवयीने न ठरविता त्रुटी व फलनाची वक्रता यांचा तोल पाहून ठरवावी. त्या अवधीतील सर्व वाचनांचा उपयोग करावा. काढलेला अवकलज कोणत्या क्षणाचा आहे हे नमूद करावे. प्रश्नामागील नियम ज्ञात असेल तर अवकलनाऐवजी त्या नियमाचे समाकलन करून प्राचल काढावेत. पद्धतशीर चुका, उदाहरणार्थ गाळ साचल्यामुळे जुन्या झालेल्या तक्त्यातून घेतलेले पृष्ठफळ, कोणत्याही मृदूकरणाने दूर होत नाहीत, याचे भान ठेवावे.

आज स्वयंचलित संवेदकांमुळे दर मिनिटाला पातळी नोंदणे शक्य झाले आहे, आणि संगणकावर हे सर्व गणित क्षणार्धात होते. त्यामुळे पूर्वी हाताने वजाबाकी करणाऱ्यास जी शंका आपोआप येई, ती येण्याचा अवसरच उरत नाही. सेकंदाला २४९ घनमीटर असा आकडा पडद्यावर उमटतो, पण त्याच्या शेजारी अधिक-उणे किती हे बहुधा नसते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातील एखाद्या जलाशयाच्या किंवा विहिरीच्या एका पावसाळ्यातील नोंदी मिळवून, त्यांवरून या लेखातील तीन-चार पद्धतींनी वेग काढावा आणि प्रत्येक उत्तरासोबत त्याचे विचलन लिहावे. खालच्या गावांना पाणी येत असल्याचे कळविताना कोणत्या आकड्यावर किती भिस्त ठेवावी, याचे उत्तर त्या दुसऱ्या स्तंभात सापडेल.